आयनिक की सहसंयुज? दिवा लावून ओळखायच्या किटचा तीन महिन्यांचा अनुभव

मी साताऱ्यात घरीच शिकवणी घेते, आठवी ते दहावी, सायन्स आणि गणित, आणि दरवर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते, आयनिक संयुग कुठलं आणि सहसंयुज कुठलं. व्याख्या पोरं घडाघडा म्हणतात, इलेक्ट्रॉन दिला-घेतला की आयनिक, दोघांनी मिळून वापरला की सहसंयुज, सगळं बरोबर, आणि लगेच साखर कशात येते विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात रासायनिक बंधाचा धडा आहे, दहावीला धातुविज्ञानात आयनिक संयुगांचे गुणधर्म परत येतात, "शास्त्रीय कारणे लिहा" मधे हमखास विचारतात, म्हणजे टाळून चालत नाही. म्हणून जूनमधे शाळा सुरू झाल्या झाल्या पदार्थातून वीज जाते का ते दिवा लावून बघायचं हे किट ऑनलाइन मागवलं, ११५० रुपये पडले, आठ दिवसात घरी आलं. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि त्या मी त्यांना फोनवर सांगितल्यात. आणि अशी किटं आता बरेच जण विकतात, आत माल साधारण सारखाच असतो, त्यामुळं कुठलंही घेणार असाल तरी हे वाचून उपयोग होईल.

बॉक्समधे काय आलं ते आधी सांगते. एक टेस्टर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लाल एलईडी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावायची टोपी आणि दोन तांब्याच्या तारा. बॅटरी आपली आपण आणायची. आठ डब्या, मीठ, साखर, तुरटी, मोरचूद, नवसागर, युरिया, खायचा सोडा आणि मेणाचे तुकडे. लांब दांड्याचा स्टीलचा चमचा, मेणबत्ती, ड्रॉपर, सहा खणांचा पांढरा ट्रे, गोळे आणि काड्यांचं मॉडेल, आणि पाच छापील कार्डं.

पहिल्याच दिवशी जे झालं त्यासाठी मला पैसे वसूल वाटले. ट्रेच्या एका खणात कोरडं मीठ घेतलं, चमचाभर, ढीग करून. सात पोरं भोवती बसलेली. दोन्ही तारा मिठात खुपसल्या, दिवा लागला नाही. आठवीतली एक मुलगी लगेच म्हणाली "काकू बॅटरी उलटी लागलीय." बॅटरी काढून परत लावली, नाही लागला. दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या तर झगझगीत लागला, म्हणजे टेस्टर ठीक आहे. परत मिठात, परत काळोख. मग ड्रॉपरनं त्या ढिगावर पाणी टाकायला लावलं, एकेक थेंब, तारा तशाच ठेवून. तिसऱ्या का चौथ्या थेंबाला एलईडीत बारीकसा लाल ठिपका दिसला, पुढच्या थेंबाला वाढला, आणि मीठ ओलं होऊन खाली बसलं तसा पूर्ण लागला. कुणी काही बोललंच नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "मीठ तेच आहे ना, मग आधी का नाही?"

बस, हा प्रश्न पडला की अर्धा धडा झाला. मिठात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आधीपासूनच असतात, सोडिअमचे धन आणि क्लोरिनचे ऋण, पण कोरड्या खड्यात ते एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, जागचे हलत नाहीत, आणि वीज वाहायची तर भार घेऊन कुणीतरी चालावं लागतं. पाणी आलं की पाण्याचे रेणू एकेका आयनाला घेरून सुटं करतात, मग ते चालू लागतात आणि दिवा लागतो. हे मी गेली अकरा वर्षं फळ्यावर सांगतेय. त्या चौथ्या थेंबानं जेवढं सांगितलं तेवढं मला कधी जमलं नव्हतं.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट, आणि इथून तक्रार सुरू. साखरेचं पाणी केलं, तारा बुडवल्या आणि दिवा लागला. मंद, पण लागला. पोरांनी वहीत लिहूनपण टाकलं, साखर आयनिक. मी दोन मिनिटं गोंधळले, मग लक्षात आलं की आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, जड, बादलीला पांढरा थर बसतो असलं. नुसत्या पाण्यात तारा बुडवल्या तर तसाच मंद लागतो! पाण्यातच कॅल्शिअम, मॅग्नेशिअमचे क्षार आहेत, म्हणजे आयन आहेत. शेजारणीकडून फिल्टरचं पाणी आणलं, त्यातपण अगदी बारीक लागला. माहितीपत्रकात फक्त "पाणी घ्या" एवढंच लिहिलंय. एक ओळ, डिस्टिल्ड वॉटर वापरा, एवढी छापली असती तर किती घरात पोरं चुकीचं लिहिण्यापासून वाचली असती. ज्याला रसायनशास्त्र येत नाही असा पालक हे किट घेऊन बसला तर तो बिचारा साखर आयनिक आहे असंच समजणार आणि पोराला तसंच सांगणार.

उपाय सोपा आहे, पेट्रोल पंपावर नाहीतर गॅरेजमधे बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्या. कॅनवरचं लेबल मात्र नीट वाचा, बॅटरीचं अॅसिडपण तसल्याच कॅनमधे शेजारी ठेवलेलं असतं, ते घरात आणायचं नाही. हे पाणी आणल्यावर परत सगळं केलं. नुसत्या पाण्यात काळोख. साखर टाकली, ढवळली, अजून टाकली, पाक होईपर्यंत टाकली, काळोख. आणि मग त्याच पाकात मिठाचा एकच खडा सोडला, तारा बुडवलेल्याच, आणि खडा तळाशी विरघळत गेला तसा दिवा हळूहळू उजळत गेला. हा प्रयोग किटमधे नाही, पण करून बघाच.

साखरेचा रेणू पाण्यात गेला तरी अख्खाच राहतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सगळे आपापसात इलेक्ट्रॉन वाटून बांधलेले, पाणी फक्त एका रेणूला दुसऱ्या रेणूपासून लांब करतं, रेणू फोडत नाही. भार नाही, म्हणून दिवा नाही. युरियाचंपण तसंच, पाण्यात पटकन विरघळतो, पाणी हाताला गार लागतं, दिवा काळा.

आणि म्हणूनच कार्ड नंबर २ वर माझा राग आहे. त्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, आयनिक पाण्यात विरघळतात, सहसंयुज विरघळत नाहीत. अहो पण तुमच्याच डबीत साखर आहे! खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात मीठ विरघळतं साधारण ३६ ग्रॅम, आणि साखर २०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सहसंयुज साखर आयनिक मिठाच्या पाचपट जास्त विरघळते. उलट्या बाजूला कॅल्शिअम कार्बोनेट घ्या, शहाबादी फरशी किंवा अंड्याचं कवच, पक्कं आयनिक, आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, विरघळत असतं तर पावसाळ्यात फरशी उरली नसती. विरघळण्यावरून अंदाज करायला हरकत नाही, पण "सहसा" हा शब्द हवा. पुस्तकात तो असतो, कार्डावर जागा वाचवायला काढून टाकलाय असं दिसतं.

चमच्याचा प्रयोग मात्र फार छान आहे. मेणबत्तीवर स्टीलचा चमचा धरायचा आणि एकेक पदार्थ थोडा थोडा. मेण तर लगेचच पाणी होतं, ५०-६० अंशालाच. युरिया १३३ ला वितळतो, पण तो जास्त वेळ धरला तर अमोनियाचा वास यायला लागतो म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि वितळला की थांबा. साखर १८६ च्या आसपास वितळते म्हणतात पण खरं तर वितळता वितळताच मोडायला लागते, पिवळी, तांबूस, मग काळी, सगळ्या घरात चिक्कीचा वास. आणि मीठ? मीठ नुसतं तडतडतं. दोन खडे उडून बाहेर पडले, बाकीचे जसेच्या तसे, पांढरे. दहावीतला एक मुलगा म्हणाला, आजी दृष्ट काढून मीठ-मोहरी चुलीत टाकते तेव्हा पण असंच तडतडतं. तेच आहे ते, खड्याच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो, वितळत कुठं काही नाही. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात आणि मॅग्नेशिअम ऑक्साइडला तर २८०० च्याही वर. कारण मेण वितळताना एक रेणू दुसऱ्यापासून थोडा सैल करायचा असतो, रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत. मिठात तसे वेगळे रेणूच नाहीत, वितळवायचं म्हणजे सगळीकडून ओढणाऱ्या विरुद्ध भारांना सैल करायचं. हा फरक चमच्यात डोळ्यानं दिसतो.

तुरटीनं मात्र पोरांना चकवलं. तुरटी आयनिक आहे, पोटॅशिअम, अॅल्युमिनिअम आणि सल्फेट, पण चमच्यात धरली की मिनिटभरात पाणी झाली आणि मग फुगून पांढरी लाही झाली. घरात तव्यावर तुरटी फुलवतात ते कुणी बघितलं असेल तर माहीत असेल. मग ही सहसंयुज का? नाही. तुरटीच्या खड्यात सूत्रागणिक १२ पाण्याचे रेणू अडकलेले असतात, ९२ अंशाला ती आपल्याच पाण्यात विरघळल्यासारखी होते, पुढं ते पाणी उडून जातं आणि कोरडी लाही उरते, आणि ती लाही मग कितीही वेळ धरा, मेणबत्तीवर वितळत नाही. किटमधे तुरटी दिलीय पण हे कुठंच लिहिलेलं नाही, कार्डावरच्या तक्त्यात सरळ "आयनिक, उच्च द्रवणांक" असं लिहिलंय, पोरगं समोर वितळताना बघतंय आणि कार्ड उलटं सांगतंय, मग ते कुणावर विश्वास ठेवणार?

कार्ड ३ ची तक्रार सगळ्यात मोठी. त्यावर आहे, दिवा लागला तर आयनिक, नाही लागला तर सहसंयुज. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून लिंबूफूल आणलं, सायट्रिक अॅसिड, पांढरे खडे, दिसायला थेट साखरेसारखे. डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर टाकलं आणि दिवा लागला, बऱ्यापैकी. सगळ्यांनी एकसुरात "आयनिक!" नाही ना पण. लिंबूफूल सहसंयुज आहे, १५३ अंशाला वितळतं, रेणूंचं बनलेलं आहे. पाण्यात गेल्यावर त्याच्या काही रेणूंमधला हायड्रोजन प्रोटॉन म्हणून पाण्याकडं जातो आणि तिथं आयन तयार होतात. व्हिनेगरचंपण तेच, दिवा मंद लागतो कारण थोडेच रेणू आयन देतात. हायड्रोजन क्लोराइड तर पक्का सहसंयुज वायू, पाण्यात गेला की जवळजवळ सगळाच आयन होतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की या पाण्यात आत्ता आयन आहेत. ते पदार्थात आधीपासून होते की पाण्याला भेटल्यावर जन्मले, हे दिवा सांगत नाही, ते आपल्याला दुसरीकडून शोधावं लागतं, वितळून बघा, आम्ल आहे का बघा, धातू आहे का बघा. हा फरक मला या धड्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो आणि कार्डानं तो एका ओळीत मारून टाकलाय. स्वांते अऱ्हेनिअसनं १८८४ मधे आपल्या प्रबंधात मांडलं होतं की असे पदार्थ पाण्यात गेल्यावर भार असलेल्या तुकड्यांमधे विभागले जातात, तेव्हा परीक्षकांना फारसं पटलं नव्हतं, त्याच कामासाठी पुढं १९०३ चं नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या माणसांना जे पटायला वेळ लागला ते तेरा वर्षाच्या पोराला एका ओळीत कसं द्यायचं?

धातू अधिक अधातू म्हणजे आयनिक, दोन्ही अधातू म्हणजे सहसंयुज, हा कार्ड १ वरचा नियम. याच्यावर माझा आक्षेप कमी आहे, सुरुवातीला हाच वापरावा, बहुतेक वेळा बरोबर येतो. पण किटमधेच नवसागर ठेवलाय! अमोनिअम क्लोराइड, नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरिन, एकही धातू नाही, आणि पाण्यात टाकला की दिवा मिठासारखा लख्ख. नियमाप्रमाणं सहसंयुज, खरं तर आयनिक. अमोनिअम हा अख्खा गट एक धन आयन म्हणून वागतो, आणि त्या गटाच्या आत मात्र नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध सहसंयुज आहेत. म्हणजे एकाच डबीत दोन्ही. आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा तेव्हा तापल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघायचा, मोठ्यांना तो वास अजून आठवतो, पोरांनी मात्र कल्हई बघितलेलीच नाही, त्यांना व्हिडिओ दाखवला. खायचा सोडा आणि मोरचूदपण तसेच, बाहेरून आयनिक, पण बायकार्बोनेट आणि सल्फेटच्या आत सहसंयुज बंध. ज्यानं ही आठ डब्यांची निवड केली त्याला रसायनशास्त्र चांगलं येत असणार, इतकी विचार करून निवडलीत, आणि कार्डं लिहिणारा माणूस नक्की दुसरा असणार.

कार्ड ४ विद्युतऋणतेचं आहे, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन कुठला अणू आपल्याकडं किती ओढतो त्याचा आकडा, सोडिअम ०.९३, क्लोरिन ३.१६, फरक १.७ च्या वर गेला की आयनिक. नववी-दहावीच्या हुशार पोरांना आवडलं. लायनस पॉलिंगनं १९३२ मधे ही मोजपट्टी मांडली तेवढं सांगा आणि हेही सांगा की हायड्रोजन फ्लोराइडचा फरक १.७८ येतो तरी तो सहसंयुज आहे, २० अंशाच्या आतच उकळतो. रेघ अशी ठळक नसतेच, एका टोकाला पूर्ण वाटणी, दुसऱ्या टोकाला पूर्ण देणं, आणि मधे सगळ्या छटा. कार्ड ५ नावांचं आहे, डाय, ट्राय, टेट्रा दिसलं की बहुतेक सहसंयुज, कार्बन डायऑक्साइड वगैरे, आणि कॅल्शिअम क्लोराइडला डायक्लोराइड म्हणत नाहीत. परीक्षेत पटकन उपयोगी. मँगनीज डायऑक्साइड अपवाद म्हणून पेन्सिलनं लिहून ठेवा.

आता तारा. तांब्याच्या दिल्यात, आणि तांब्याच्या द्यायला नको होत्या. मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवल्या की एका तारेभोवती पाणी पिवळसर गढूळ व्हायला लागतं, तार खाऊन बारीक होते आणि पोरांना वाटतं हा मिठाचा रंग. दोन आठवड्यात एक तार तुटली. मी पेन्सिलची शिसं लावली, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि क्रोकोडाइल क्लिपा, ते उत्तम चाललं. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, धन टोकाला जलतरण तलावासारखा क्लोरिनचा वास येतो, म्हणून चाचणी दहा-पंधरा सेकंदांचीच करायची आणि खिडकी उघडी. आणि इथं एक गंमत झाली, तोच दहावीतला मुलगा म्हणाला, काकू पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, म्हणजे सहसंयुज बंध, मग त्यातून वीज कशी गेली? मला इतका आनंद झाला ना. कारण अकरा वर्षात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ग्रॅफाइटमधे प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो, तो वीज नेतो. तिथं आयन नाही, इलेक्ट्रॉनच चालतो. तसंच हिरा आणि वाळू, पूर्ण सहसंयुज, तरी वितळायला मिठापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, कारण तिथंपण सुटे रेणू नाहीत, सगळा एकच विणलेला गोळा.

मॉडेलबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथं मला खरंच वाईट वाटलं. गोळे-काड्यांचा दर्जा चांगला आहे, पाणी, मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड सगळं सुंदर बनतं, कोन बरोबर येतात, सहसंयुजसाठी यापेक्षा चांगलं काही नको. पण मीठ कसं बनवायचं तर माहितीपत्रकात चित्र आहे, एक जांभळा गोळा, एक हिरवा गोळा, मधे एक काडी. असं नसतं मीठ! त्या काडीनं पोराच्या डोक्यात बसतं की एक सोडिअम आणि एक क्लोरिन अशी जोडी असते, नवरा-बायकोसारखी, आणि मिठाचा खडा म्हणजे अशा जोड्यांचा ढीग. खरं म्हणजे प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, कुणीच कुणाचं एकट्याचं नाही. लॉरेन्स ब्रॅगनं १९१३ मधे एक्स-रे वापरून हे दाखवलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आणि मिठाला रेणूच नाही हे मोठ्यामोठ्यांना पचलं नाही, १९२७ मधे हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्लिश रसायनतज्ज्ञानं 'नेचर'मधे पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर कडक आक्षेप घेतला होता. म्हणजे ही चूक जुनी आहे आणि माणसाला सहज होते, म्हणूनच किटवाल्यांनी जपायला पाहिजे होतं.

आम्ही काय केलं ते सांगते. कॅरमच्या सोंगट्या घेतल्या. बोर्डावर काळी, पांढरी, काळी, पांढरी अशी रांग, खालच्या रांगेत पांढरीपासून सुरुवात, म्हणजे प्रत्येक काळीच्या चारी बाजूला पांढऱ्या. वरचा थर ठेवताना काळीवर पांढरी. मग प्रत्येक सोंगटीला चार बाजूच्या, एक वरची आणि एक खालची असे सहा शेजारी, मोजून बघितले पोरांनी, कडेच्या सोडून. मग मी पट्टीनं एक अख्खी रांग एक घर सरकवली. एका झटक्यात काळीसमोर काळी, पांढरीसमोर पांढरी. "आता काय होईल?" "ढकलतील एकमेकांना." बरोबर. मग जाड्या मिठाचा मोठा खडा रुमालात धरून हातोडीनं ठोकला, तुकडे झाले आणि काही तुकड्यांच्या कडा काचेसारख्या सपाट निघाल्या. आयनिक पदार्थ ठिसूळ का, याचं शास्त्रीय कारण लिहायला मग कुणाला पाठ करावं लागलं नाही. शेजारी मेणाचा तुकडा ठोकला, तो दबला, चपटा झाला. सोंगट्यांची एकच अडचण, दोन्ही सारख्याच आकाराच्या आहेत, खरा क्लोराइड आयन सोडिअम आयनापेक्षा बराच मोठा असतो, तेवढं तोंडी सांगायचं.

सेफ्टीबद्दल एक गंभीर गोष्ट. आठही डब्या सारख्याच पांढऱ्या, झाकणं सैल, आणि लेबलं कागदाची, पाण्याचा हात लागला की निघून येतात. मोरचूद विषारी आहे. निळं असल्यामुळं ओळखू तरी येतं, पण नवसागर, युरिया, साखर, मीठ सगळं पांढरंच, आणि आठवीतल्या एका पोरानं लेबल गेलेली डबी उघडून बोट तोंडाकडं नेलंच होतं, मी हात धरला. त्या दिवशी सगळं काचेच्या लोणच्याच्या छोट्या बरण्यांत काढलं, मार्करनं नावं लिहिली, वरून चिकटपट्टी मारली आणि बरण्या उंच फळीवर. घरात लहान मूल असेल तर किट आल्या आल्या आधी हेच करा. चव हा आमच्या वर्गात चाचणीचा प्रकार नाही, हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, आता सांगते.

वितळलेल्या मिठातून वीज जाते हे या किटनं दाखवता येत नाही आणि घरी करायचंही नाही. पण दहावीवाल्यांना धातुविज्ञान शिकवताना मी ते इथंच जोडून घेते, हम्फ्री डेव्हीनं १८०७ मधे वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून सोडिअम काढला, आणि आजही अॅल्युमिनिअम काढताना वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनिअम ऑक्साइड, विरघळवून त्यातून वीज सोडतात. अॅल्युमिनिअम क्लोराइड का नाही वापरत, तर ते धातू-अधातू असलं तरी वितळल्यावर सहसंयुज रेणूंसारखं वागतं, वीज नीट नेत नाही. कार्ड १ च्या नियमाला हा अजून एक अपवाद, आणि पाठ्यपुस्तकातल्या एका प्रक्रियेमागचं कारणही.

कंपनीची सेवा चांगली आहे हे मुद्दाम सांगते. तार तुटली म्हणून फोन केला तर चार दिवसात नवीन टेस्टर पाठवला, पैसे घेतले नाहीत. कार्डांबद्दल आणि मिठाच्या चित्राबद्दल सगळं सांगितलं, फोनवरच्या ताईंनी लिहून घेतलं, पुढच्या छपाईच्या वेळी बघू म्हणाल्या. नवीन टेस्टरलापण तांब्याच्याच तारा होत्या. पुण्याला गेले तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे एलईडी, रेझिस्टर आणि क्लिपा आणल्या, आणि दोन जादा टेस्टर पोरांनी स्वतःच जोडले, अगदी थोडक्या पैशात. म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्याला सोल्डरिंग येतं आणि घरात मीठ, साखर, तुरटी आहे त्याला किटची गरज नाही. पण ज्याच्याकडं वेळ नाही त्याला सगळं एकत्र मिळतं, आणि मॉडेलचे गोळे सुटे घ्यायला गेलं तर महाग पडतात.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. टेस्टरच्या कल्पनेला, आठ पदार्थांच्या निवडीला आणि सहसंयुज मॉडेलला पूर्ण मार्क, कार्डांचे, डब्यांचे आणि मिठाच्या त्या काडीचे कापले. एकट्या पोराच्या हातात देऊ नका, बरोबर बसा, आणि डिस्टिल्ड पाणी, दोन पेन्सिली, चिमूटभर लिंबूफूल आणि कॅरमच्या सोंगट्या आपल्या आपण जमवा. दिवाळीनंतर नववीची नवीन बॅच सुरू होतेय, त्यांच्यासाठी अजून एक किट मागवलंय. कार्ड २ आणि ३ मी काढून ठेवणार आहे, पोरांनी आधी दोन आठवडे डब्या, दिवा आणि चमचा घेऊन आपापला तक्ता वहीत करायचा, मग कार्डं त्यांच्या हातात द्यायची, आणि त्यात काय चुकलंय ते त्यांनीच शोधायचं.